चाक फिरेना, पाना घसरला : कारखान्यातल्या हाताच्या इजांवर वाचकांचे प्रश्न

हत्यारं आणि व्हॉल्व्ह हाताळताना होणाऱ्या इजांवर या वेळी प्रश्न मागवले होते. राइस मिल, जिनिंग, सिमेंट, वीज केंद्र आणि एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप अशा सगळीकडून पत्रं आली. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत, आणि ज्यांनी नाव छापू नका म्हटलं त्यांचं फक्त गाव दिलं आहे. खरं तर कोणाचंच नाव छापलेलं नाही. ठेकेदारही मासिक वाचतात.

प्रश्न : आमची उकड्या तांदळाची मिल आहे. बॉयलर तुसावर चालतो, दाब दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोपर्यंत. सकाळी स्टीम लाइनचा ४ इंची व्हॉल्व्ह उघडतच नाही. पोरं चाकाच्या आऱ्यांत ३ फुटी पाइप घालून दोघं मिळून ओढतात. मागच्या हंगामात पाइप निसटून एक जण मागच्या भट्टीच्या कठड्यावर आपटला. पाइप लावू नका म्हटलं तर म्हणतात, मग उघडायचा कसा? — तुमसर

पोरांचा प्रश्न रास्त आहे. नुसती मनाई करून व्हॉल्व्ह उघडत नाही. तो कशाने अडला हे आधी पाहायचं.

पहिली शक्यता ऐकायला विचित्र वाटेल, पण वारंवार दिसते: व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा असतो आणि माणूस तो आणखी उघडायला जोर लावतो. स्पिंडल (चाकाचा दांडा) वर येणाऱ्या जातीचा असेल तर किती आटे बाहेर दिसतात ते पाहा. पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद असताना आटे कुठवर येतात तिथे एकदा ऑइल पेंटची खूण करून ठेवा. चाकावर ‘उघड’ आणि ‘बंद’ असे बाणही काढा. दहा रुपयांचा रंग लागतो.

दुसरी शक्यता तुमच्याकडे जास्त आहे. रात्री काम संपताना व्हॉल्व्ह तापलेला असतो. माणूस तो गच्च आवळून घरी जातो. रात्रभर बॉडी थंड होऊन आकसते आणि आतली पाचरीच्या आकाराची गेट, म्हणजे वाफेची वाट अडवणारी झडप, ती टेकते त्या दोन सीटांच्या मध्ये चिमटली जाते. सकाळी बॉयलरचा दाब चढला की एकीकडून वाफ आणि दुसरीकडे काहीच नाही, अशी स्थिती होते. ४ इंची गेटचं क्षेत्रफळ साधारण ८१ चौरस सेंटिमीटर. ७ किलो दाबाला त्या गेटवर ५६५ किलोच्या वर रेटा बसतो. दोन पोरं ज्याच्याशी कुस्ती खेळतात तो हा रेटा. मोठ्या व्हॉल्व्हला म्हणूनच बाजूने एक छोटा बायपास व्हॉल्व्ह देतात: आधी तो उघडून दोन्हीकडचा दाब सारखा करायचा, मग मोठं चाक हलकं फिरतं. तुमच्याकडे बायपास नसेल तर पुढच्या शटडाउनमध्ये पाऊण इंचीचा बसवून घ्या. काम बॉयलरच्या लाइनवरचं आहे. अधिकृत वेल्डर आणि बॉयलर निरीक्षकाची परवानगी याशिवाय करू नका.

तिसरी शक्यता ग्लँडची, म्हणजे स्पिंडलभोवती पॅकिंग दाबून वाफ रोखणाऱ्या भागाची. ग्लँडमधून वाफ फुसफुसली की नट अर्धा फेरा आवळायचा, असं करत करत पॅकिंग दगडासारखी होते आणि स्पिंडल धरून ठेवते. ही पॅकिंग बदलायची असते, आणि लाइन थंड व बिनदाबाची असतानाच. वाफ चालू असताना ग्लँड नट ढिला करणाऱ्याच्या तोंडावर पॅकिंगसकट वाफ येते. ७ किलो दाबाची वाफ १७० अंशांच्या आसपास असते. चौथं कारण म्हणजे तुसाची राख आणि धूळ बसून कोरडे पडलेले स्पिंडलचे आटे. वायर ब्रश मारा आणि उष्णता सोसणारं ग्रॅफाइटचं ग्रीस लावा. साधं ग्रीस वितळून खाली गळतं आणि मागे काजळी राहते.

आता पाइपाबद्दल. १२ इंची चाक म्हणजे मधून कडेपर्यंत १५ सेंटिमीटर. ३० किलोचा जोर लावला की साडेचार किलोग्रॅम-मीटर पीळ. ३ फुटी पाइपाला तोच जोर लावला की २७. चाक, स्पिंडल आणि वरचा यो‍क सहापट पिळासाठी घडवलेला नसतो. व्हॉल्व्ह बिडाचा असेल तर तो वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. शिवाय गोल पाइप आऱ्यांत नीट बसत नाही, तो निसटणारच. गरज लागलीच तर व्हॉल्व्ह की वापरा: टोकाला आकडा असलेली, चाकाच्या कडेला धरणारी, आणि लांबी चाकाच्या व्यासाहून जास्त नाही. एका माणसाच्या जोराने तीही फिरली नाही तर व्हॉल्व्ह दुरुस्तीला गेला असं समजा.

उभं राहायचं ते बाजूला, स्पिंडलच्या रेषेत कधीच नाही. पाय खांद्याइतके फाकवून, मागे मोकळी जागा ठेवून. पाइपच्या लॅगिंगवर, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या पत्र्याच्या आवरणावर, चढून चाक फिरवणं बंद करा. पत्रा दबतो आणि पाय घसरतो. उंचावर व्हॉल्व्ह असेल तर साखळीचं चाक बसवता येतं.

उघडताना लाइनच्या खालच्या ड्रेनमधून रात्रीचं साचलेलं पाणी आधी काढा. मग चाक जेमतेम सुस्कारा ऐकू येईल एवढंच उघडा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. ड्रेनमधून पाणी संपून कोरडी वाफ आली की हळूहळू पूर्ण उघडा. घाई केली तर वाफ साचलेल्या पाण्याला गोळ्यासारखी पुढे फेकते, पाइप धाडधाड हादरतो आणि फ्लँजचं (बोल्टांनी आवळलेल्या पाइपजोडाचं) गॅस्केट किंवा बिडाची फिटिंग फुटते. पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा मागे घ्या, म्हणजे पुढच्या माणसाला ते दोन्ही दिशांनी हलवून पाहता येईल. रात्री बंद करताना गच्च नाही, बेताचं आवळा आणि लाइन निवल्यावर एकदा हलकं तपासा. सकाळची अर्धी झटापट तिथेच मिटते.

प्रश्न : आमच्या जिनिंगमंदी परेसचा होज गयते. ऑपरेटर बोट लावून पाह्यते का तेल कुठून येऊन राह्यलं. मांगच्या आठवड्यात एकाच्या बोटाले सुईएवढं भोक पडलं. दुखत नोहोतं म्हून तो पाळी संपेलोक कामावरच होता. रात्री हात कोपरालोक सुजला. एवढ्याशा भोकानं असं कसं होते? — हिंगणघाटजवळून

भाऊ, या अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं आहे. ज्या माणसाबद्दल लिहिलंय तो अजून हाताच्या सर्जनकडे गेला नसेल तर हे वाचून होताच त्याला न्या.

गाठ बांधणाऱ्या प्रेसच्या हायड्रॉलिकमध्ये दाब कित्येक ठिकाणी दीडशे-दोनशे बारच्या वर असतो (१ बार म्हणजे साधारण वरचा १ किलो दाब). कातडी भेदायला सुमारे ७ बार पुरतात. होजच्या, म्हणजे तेलाच्या रबरी नळीच्या, केसाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार सुईसारखी आत शिरते आणि बोटाच्या आतल्या कंडराच्या म्यानातून तळव्यापर्यंत पसरते. बाहेर दिसतो तो एक ठिपका, कधी रक्ताचा थेंबही नाही. पहिले काही तास दुखत नाही. बोट बधिर किंवा ताठ वाटतं एवढंच. मग तेलाने आतलं मांस सुजतं, सूज रक्तवाहिन्या दाबते आणि बोट काळं पडायला लागतं. बहुतेक वेळा ज्या हाताने आपण लिहीत नाही त्याच्या पहिल्या (अंगठ्याशेजारच्या) बोटाला हे होतं, कारण उजव्या हातात पाना असतो आणि डाव्याने चाचपणी चालते.

यावर गोळ्या-इंजेक्शनने भागत नाही. बोट उघडून तेल आणि मेलेलं मांस काढावं लागतं, आणि ते पहिल्या सहा तासांत झालं तर बोट वाचायची आशा बरी असते. वाटेत हे पाळा: हात उंच धरा, अंगठी-कडं लगेच काढा, भोक दाबून तेल पिळू नका, गरम शेक देऊ नका, खायला-प्यायला देऊ नका कारण भूल द्यावी लागेल. गावच्या दवाखान्यात बोटाच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन घेऊ नका. आधीच फुगलेल्या जागेत आणखी द्रव जातो. मलमपट्टी करून ‘उद्या या’ असं कोणी सांगितलं तर स्पष्ट शब्दांत सांगा, “हाय प्रेशर तेल आत गेलंय.” तेलाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो, दाब किती होता आणि किती वाजता लागलं, या तीन गोष्टी सोबत न्या. सर्जन हेच पहिल्यांदा विचारतात.

गळती शोधायची ती मोटर बंद करून, रॅम (प्रेसचा दाबणारा दांडा) खाली टेकवून आणि कंट्रोल व्हॉल्व्हची दांडी पुढे-मागे करून अडकलेला दाब सोडल्यावर. दाबाखाली पाहणं टळतच नसेल तर लांब काठीला पुठ्ठा बांधून होजवरून फिरवा. धार पुठ्ठ्यावर उमटते. डोळ्यांवर गॉगल हवाच. आणि होजला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं सोडा. ती दाब रोखत नाही, फक्त छिद्र लपवते आणि धारेची दिशा बदलते. होजचा वरचा रबर तडकून आतली तार दिसली की होज बदलायचा.

गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकनाही हे कळवा. डिझेल इंजिनाचा नोझल हातावर फवारा घेऊन तपासायची सवय अजून गेलेली नाही, आणि नोझलचा दाबही शंभर बारच्या कितीतरी वर असतो.

प्रश्न : सिमेंट प्लांटमध्ये ठेक्यावर फिटर आहे. हाताची बोटं कायम सोललेली असतात. पाना घसरतो आणि हात फ्लँजवर आपटतो. हे कामात धरूनच चालायचं का? — गडचांदूर

नाही. पाना घसरतो त्याची कारणं मोजकी आहेत आणि बहुतेक तुमच्या हातातली आहेत.

माप आधी. एम १६ च्या नटाला २४ मिलिमीटरचा पाना, एम २० ला ३०, एम २४ ला ३६. साइटवर इंची आणि मिलिमीटरचे पाने एकाच पेटीत पडलेले असतात. २४ च्या नटाला १ इंची पाना बसतो खरा, पण तो २५.४ आहे. जवळजवळ दीड मिलिमीटर खेळ राहतो, पाना फक्त कोपऱ्यांवर धरतो, कोपरे झिजतात आणि पुढचा झटका तुमच्या बोटांना बसतो. इंची पान्यांना लाल पट्टा मारून वेगळे ठेवा. फिक्स पान्याचे जबडे पसरले असतील तर तो भंगारात टाका. ठोकून जवळ आणलेला जबडा पुन्हा पसरतो. घट्ट नट पहिल्यांदा ढिला करायला रिंग पाना किंवा गोटी पाना, मग पटापट काढायला फिक्स पाना, हा क्रम ठेवा.

स्क्रू पाना वापरायचाच असेल तर जोर पक्क्या जबड्यावर आला पाहिजे. ज्या दिशेला फिरवायचं त्या बाजूला हलता जबडा ठेवला की तसं होतं. उलटा धरला की हलत्या जबड्याचा स्क्रू उघडत जातो आणि पाना सुटतो. रोज स्क्रू पाना वापरणाऱ्या दहा जणांना विचारून पाहा, किती जण दिशा बघून लावतात ते.

पाना स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. ढकलताना सुटला तर सगळं अंग त्याच्यामागे जातं. जागाच नसेल आणि ढकलावंच लागलं तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकला. बोटांची पेरं वाचतात.

सिमेंटच्या धुळीत गंजलेल्या नटाला आधी वायर ब्रश, मग गंज सोडवणारं तेल, आणि मग खरोखर थांबा. तेल टाकून लगेच पाना लावणं म्हणजे तेल वाया घालवणं आहे. सकाळी टाका, जेवणानंतर सोडवा. नटाच्या बाजूंवर हलके ठोके दिले की तेल आट्यांत उतरतं. उघडण्याआधी किंचित आवळून पाहा, गंजाची पकड तिथे तुटते. कोपरे गेलेल्या नटाला पाइप पाना लावून झोंबण्यापेक्षा नट स्प्लिटरने फोडा.

ठोकायच्या पान्याला म्हणजे स्लॉगिंग स्पॅनरला हाताने धरू नका. त्याच्या टोकाला दोरी बांधून दुसऱ्याने लांबून ताण धरायचा. घण मारणाऱ्याचा दहापैकी एक ठोका चुकतोच. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ग्राइंडरवर कडा घासून सरळ करा. त्या कडांचे तुकडे उडून हातात किंवा डोळ्यात घुसतात. बिनमुठीची कानस आणि पाचर निघालेला हातोडा यांबद्दल वेगळं लिहायला नको. कानशीने उचकटणं मात्र अजून चालतं. कानस कडक पण ठिसूळ असते, ती वाकत नाही, काचेसारखी तुटते.

प्रीहीटरच्या, म्हणजे प्लांटच्या उंच मनोऱ्याच्या, मजल्यांवर काम करत असाल तर हत्यार मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधा. १० मीटरवरून पडलेला पाना खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो.

प्रश्न : बॉयलर फीडच्या लाइनचा फ्लँज उघडत होतो. मेन व्हॉल्व्ह बंद होता, गेज शून्यावर होता. तरी उकळतं पाणी आलं आणि दोघं भाजले. चूक कोणाची? — वीज केंद्रातला ठेका कामगार, कोराडी भाग

चूक कोणाची हे चौकशी ठरवेल. कसं झालं ते मात्र सांगता येतं, कारण हा प्रकार जागोजाग घडतो.

बंद व्हॉल्व्ह म्हणजे रिकामी लाइन नव्हे. सीटवर कचरा अडकला तर चाक बंदच्या खुणेपर्यंत येतं आणि आतून पाणी झिरपत राहतं. गेज शून्य दाखवतं याचा अर्थ गेजची बारीक नळी चोंदली असाही होतो. शंभर अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली पाणीच राहतं. दाब सुटला की त्यातलं थोडं क्षणात वाफ होतं आणि बाकीचं पाणी फेकत बाहेर येतं. चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर तर लाइन कधीच उघडू नये. ती उलटा प्रवाह रोखते, माणसाला वाचवायला बनवलेली नाही.

रीत अशी : एकामागे एक दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ड्रेन उघडा, आणि तिन्हींच्या चाकांना साखळी-कुलूप. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात; दोन टोळ्या असतील तर दोन कुलपं. मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा वीजपुरवठा काढून त्यालाही कुलूप, नाहीतर कंट्रोल रूममधून कोणी बटण दाबलं की चाक हातासकट फिरतं. ड्रेनमधून काहीच येत नसेल तर खूश होऊ नका, तार घालून तो चोंदला नाही ना ते पाहा. पाइपला हात लावता येईल इतका तो निवू द्या.

फ्लँज उघडताना आपल्यापासून लांबच्या बोल्टपासून सुरुवात. सगळे नट ढिले करा पण दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या, आणि मग पाचरीने फट पाडा. आत दाब असेल तर तो पलीकडच्या बाजूने सुटतो आणि फ्लँज उडत नाही. १ बार फार वाटत नाही, पण ६ इंची झाकणावर तो सुमारे १८५ किलोचा रेटा देतो. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, डोकं सांध्याच्या रेषेबाहेर.

भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काही नाही. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ सुती कापडाने सैल झाका.

प्रश्न : माझे मालक दालमिलमध्ये आहेत. तिथे एकाचं बोट तुटलं तेव्हा लोकांनी ते बर्फात टाकून नेलं आणि डॉक्टर म्हणाले आता जोडता येणार नाही. मग न्यायचं कसं? — अकोला तालुका

ताई, बर्फाला थेट लागलं की पेशी गोठून मरतात, म्हणून ते बोट गेलं असेल. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुवा, चोळू नका. ओला करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा. ते कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून गाठ मारा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा ज्यात बर्फ आणि पाणी दोन्ही आहेत. बोट थंड राहिलं पाहिजे, भिजलं किंवा गोठलं नाही पाहिजे. दुधात ठेवू नका.

हातावरच्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून १० मिनिटं न उघडता धरा आणि हात छातीच्या वर. बोटाच्या मुळाशी सुतळी करकचून बांधू नका. कातडीच्या एका पट्टीवर लोंबकळत असलेलं बोट कापून वेगळं करू नका. त्या पट्टीतून रक्त जात असू शकतं.

नीट थंड ठेवलेलं बोट कित्येक तास टिकतं, एरवीही बारा तासांपर्यंत प्रयत्न होतो. मनगटाच्या वरचा तुकडा असेल तर त्यात मांस असतं, तिथे सहा तासांतच काम व्हावं लागतं. म्हणून आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग नागपूरला अशी पायरी-पायरी करू नका. १०८ ला फोन करतानाच एकाने दुसऱ्या फोनवरून मोठ्या रुग्णालयात विचारावं: प्लास्टिक किंवा हाताचे सर्जन आत्ता आहेत का. रोलरमध्ये चिरडलेलं बोट बहुतेकदा जोडता येत नाही, तरी सोबत न्याच. त्यातली कातडी वापरता येते. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली ते आठवून ठेवा. मळलेल्या जखमेला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर पुन्हा लागते.

प्रश्न : ४ इंची ग्राइंडरवर ७ इंची डिस्क बसते, गार्ड काढलं की. एका दमात काम होतं. यात धोका काय? — वर्कशॉप मालक, खामगाव एमआयडीसी

७ इंची डिस्कवर मिनिटाला साधारण ८,५०० फेरे लिहिलेले असतात. ४ इंची ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो. त्या वेगाला डिस्कची कड सेकंदाला १०० मीटरच्या वर जाते, ती बनवलेली असते ८० साठी. फुटली की तुकडे पोटात आणि गळ्यात जातात, आणि गार्ड तुम्हीच काढलेलं आहे. लाकूड कापायची दातेरी चकती लावणाऱ्यांनाही हेच लागू. ती अडकली की मशीन मांडीवर उडी घेते.

डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर तारीख छापलेली असते, बनल्यापासून तीन वर्षांची. जुनी आणि ओल लागलेली डिस्क स्वस्त मिळते, घेऊ नका. नवी लावल्यावर एक मिनिट रिकामी फिरवा, बाजूला उभं राहून.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, कापसाने किंवा काडीने काढायला जाऊ नका. छन्नी-हातोड्याच्या कामात कण घुसला आणि अंधुक दिसायला लागलं तर डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून चिकटवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. चुना किंवा सिमेंट गेलं तर मात्र जागच्या जागी २० मिनिटं पाण्याने धुणं, मग डॉक्टर.

प्रश्न : हातमोजे कधी घालायचे आणि कधी नाही? साहेब म्हणतात कायम घाला. — बल्लारपूर

साहेबांचं अर्धं बरोबर आहे. ड्रिल, लेथ, कन्व्हेयरचा रोलर अशा फिरत्या भागांजवळ सुती मोजा घालू नका; धागा अडकला की हात आत जातो आणि मोजा सुटत नाही. गाठींच्या पट्ट्या-तारा कापायला जाड चामड्याचा मोजा हवा, कारण ताणलेली पट्टी कापल्यावर उसळते. बाजूला उभं राहा आणि पट्टीवर दुसऱ्या हाताचा दाब देऊ नका. वाफेच्या व्हॉल्व्हला कोरडा, लांब बाह्यांचा चामडी मोजा. घामाने भिजलेला मोजा तापलेल्या चाकाला लागला तर त्यातलं पाणीच वाफ होऊन हात भाजतं, आणि ओला मोजा लवकर काढताही येत नाही. ओल्या सिमेंटला रबरी किंवा नायट्रिल. मोज्यावर हातोड्याचं चित्र आणि त्याखाली अंक-अक्षरं असतात: त्यातलं ए ते एफ हे अक्षर कापण्याविरुद्धची ताकद सांगतं, एफ सगळ्यात पक्का.

प्रश्न : मे महिन्यात पाना हातात धरवत नाही आणि घामाने घसरतो. — चंद्रपूर

४५ अंशांच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेला पाना ६० च्या वर तापतो. हत्यारांची पेटी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पाने मात्र कोरडे ठेवा. रबरी पकड असलेले पाने घ्या. खिशात कोरड्या चिंध्या ठेवा आणि दर नटाला हात पुसा. जास्त जोराची कामं सकाळी दहाच्या आत उरकायचं वेळापत्रक सुपरवायझरकडून लेखी मागा. तोंडी मागितलेलं दुपारपर्यंत विसरलं जातं.

प्रश्न : बोट गेल्यावर पैसे किती मिळतात? ठेकेदार म्हणतो दवाखान्याचं भरलं, आता काही नाही. — वणी

ठेकेदाराचं म्हणणं चूक आहे. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर कामावर झालेल्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. सुट्टीच्या काळात मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचं व्यंग राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं. ईएसआय नसेल तर भरपाईच्या कायद्याखाली दावा करता येतो, आणि ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कंपनीकडूनही मागता येते. त्या कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती गेली त्याचे टक्के दिलेले आहेत: अंगठा ३०, पहिलं बोट पूर्ण १४, मधलं पूर्ण १२. हाड न जाता नुसतं टोक गेलं तरी थोडे टक्के आहेत, म्हणून ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नका.

अपघात त्याच पाळीत रजिस्टरमध्ये लिहून घ्या, आणि पानाचा फोटो काढा. दवाखान्याच्या कागदावर ‘घरी पडला’ असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी ते बदलून ‘कामावर, मशीनवर’ असं लिहायला लावा.